पसरणी चढण्याआधी

(पहाट. वाईत कृष्णेच्या घाटाजवळ सायकली उभ्या. कुणीतरी टायर अंगठ्याने दाबून पाहतंय.)

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. मधे पसरणी घाटाचा बारा किलोमीटरचा चढ. गावच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी निधी उभारायची शंभर किलोमीटरची राइड इकडून नेली, की पहिल्यांदाच येणारे इथे उतरून सायकल ढकलू लागतात. चुकलेलं असतं ते बहुतेकदा आठ आठवडे आधी.

रविवारची लांब राइड ३० किलोमीटरपासून सुरू करायची. मग ४०, ५०. चौथ्या रविवारी मुद्दाम ३५, कारण थकलेलं शरीर त्या आठवड्यात सावरतं. पुढे ६०, ७५, सातव्या रविवारी ४०. आठवा रविवार राइडचा. सरावात शंभर गाठायची गरज नाही. आठवड्यात मधले दोन दिवस तासभर, त्यातला एक चढावर. पुणेकरांना जुना कात्रज घाट आहेच. गाव सपाट असेल, तर उलट्या वाऱ्यात चालवा.

(जवळून: मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच; चेन सर्वांत मोठ्या चकतीवर.)

पुढे पेडलच्या चकतीला ३४ दात, मागे ३२. पेडलचा एक फेरा म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. मिनिटाला ७० फेरे मारले, तर ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटर. घाट सव्वा तासाच्या आसपास संपतो. आता पुढे ३९ आणि मागे २५ दात असलेली सायकल घ्या. त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम ४८ फेरे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दीडपट जोर. अशा वेळी ‘अजून ताकद कमवा’ हा सल्ला फुकटचा आहे. कॅसेट बदला. फक्त मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मोठी चकती झेपते का आणि चेन तेवढी लांब आहे का, हे मेकॅनिककडून आधी पाहून घ्या.

सीटची उंची घरीच बघता येते. पेडल सर्वांत खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. चवड्याने पेडल मारताना तोच गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून ओढ बसली तर वर. पॅडची चड्डी घालाल तर आत दुसरी नको, शिवण तिथेच काचते.

(रस्त्याकडेला उलटी ठेवलेली सायकल.)

ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती; गतिरोधकावर किंवा खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक एकच असेल, तर मात्र टायरच्या आतून बोट फिरवा, पण हळू. बाभळीचा काटा तसाच राहिला, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसेल. शिवाय बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याचा पाइप बसत नाही. पितळी अडॅप्टर खिशात हवा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणीच पीत राहिलात, तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसचं एक पाकीट पुडीवर लिहिलेल्या मापात, बहुधा एक लिटरमध्ये. दर पाऊण तासाला केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की, भूक लागायच्या आधी.

आयोजकांनी एक गोष्ट आधीच मिटवावी. दर किलोमीटरला इतके रुपये अशी देणगी कबूल झाली, की डोळ्यांपुढे अंधारी आली तरी माणूस सपोर्ट गाडीत बसत नाही. गाडीत बसला तरी रक्कम पूर्ण धरायची, हे देणगीदारांशी सुरुवातीलाच बोलून घ्यावं.

(उतार. वळणावर उसाने भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या.)

गाळप हंगामात वाईच्या रस्त्यांवर ऊस वाहतूक असते. सांडलेली पाचट आणि कांडी यांवर चाक घसरतं, म्हणून वळणात त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही. वेग वळणाआधीच तोडायचा. सलग ब्रेक धरून उतरलं, तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक दाबा, वेग उतरवा, सोडा, परत दाबा. वाईत पोचल्यावर ब्रेक शूवरच्या खाचा बघा. त्या पुसल्या गेल्या असतील, तर परतीच्या प्रवासाआधी नवे शू टाका.