डाव्या हाताखालचा ठेका

गणपतीचा मांडव. गाण्याचं नाव पुकारलं गेलंय. गायिका माइक बाजूला धरून कीबोर्डवाल्याला एवढंच सांगते, "दादा, काळी दोन." म्हणजे गाण्याची पट्टी. टाळ्या थांबायच्या आत त्याला स्टाइल, म्हणजे कीबोर्डमधला तयार ठेका आणि साथ, बदलायची आहे, टेम्पो लावायचाय आणि पांढरी एकवरून वाजवत असेल तर ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी सरकवणारी सोय, तीनने वर न्यायचाय. अरेंजर, म्हणजे ठेका आणि साथ आपोआप देणारा कीबोर्ड, घेताना वादक बघतो ते हेच. आत आवाज किती शे आहेत याला फार महत्त्व नाही. इतकं काम किती बटणांत उरकतं, याला आहे.

यामाहाच्या पीएसआर-एसएक्स 900 या अरेंजरवर रजिस्ट्रेशनची, म्हणजे मांडणी साठवून ठेवायची, 8 बटणं आहेत. एका बटणात स्टाइल, टेम्पो, उजव्या हाताचे आवाज, सगळं साठतं. ट्रान्सपोजसुद्धा, आणि तिथेच फसगत होते. अंतऱ्यासाठी दुसरं बटण दाबलं की तालमीतली जुनी पट्टी परत येते. म्हणून मेमरी साठवताना ट्रान्सपोजसमोरची खूण काढून टाकायची.

भजनाला आणखी एक सोपी गोष्ट. एसीएमपी, म्हणजे डाव्या हाताच्या कॉर्डवर साथ देणारं बटण, बंद ठेवा. कॉर्डची साथ थांबते, नुसता ठेका राहतो, आणि डावा हात मोकळा होतो.

आता लॅपटॉप. समोर मिडी कीबोर्ड, म्हणजे कुठली पट्टी दाबली एवढंच लॅपटॉपला कळवणारा, आणि आत अरेंजरचं काम करणारा व्हीअरेंजर किंवा गिगलॅडसारखा प्रोग्राम. ओढ कशाची, तर मनासारख्या ढोलकीची. सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले आवाज, हवे तितके भरता येतात. पण नेटवरून उतरवलेली केरव्याची स्टाइल लावली आणि तबल्याऐवजी बोंगो वाजू लागला, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाचा. कारण साधं आहे. साध्या स्टाइल फाइलमध्ये आवाज नसतोच, फक्त सुरांचे आकडे असतात. मूळ कीबोर्डच्या किटमध्ये, म्हणजे तालवाद्यांच्या संचात, 60 नंबरवर तबल्याचा 'ना' ठेवलेला असेल, तर जनरल मिडी या सामायिक पद्धतीच्या ड्रम किटमध्ये त्याच नंबरवर वरचा बोंगो बसलाय. एकेक बोल ऐकून नकाशा नव्याने जुळवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

दुसरी अडचण उशिराची. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवायचे नमुने, 512 ठेवला, तर नुसत्या बफरमुळेच आवाज सुमारे 11.6 मिलिसेकंद मागे पडतो. म्हणजे स्पीकर चार मीटर लांब नेल्यासारखं. संथ गाण्यात चालून जाईल. द्रुत लग्गीत, म्हणजे जलद ठेक्यात, बोटं अडखळतात. 128 वर हाच उशीर 2.9 होतो, पण प्रोसेसरला दम लागला की आवाज तडतडतो. म्हणून विंडोजचे अपडेट थांबवा, वाय-फाय बंद करा, यूएसबीची वीज वाचवणारी सोय काढून टाका. एसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारा, हवाच.

स्पीकरमध्ये घूंऽ असा आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा. लॅपटॉप आणि स्पीकरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारी छोटी पेटी, घाला.

आणि वीज गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. स्पीकरच बंद असतात म्हणा, पण मांडणी जागेवर राहते. विजेवरचा कीबोर्ड मात्र जनरेटर लागल्यावर पहिल्यापासून सुरू होतो. न साठवलेला ठेका गेलेला असतो, बहुतेक मॉडेलवर ट्रान्सपोज शून्यावर आलेला असतो, आणि गायिका अजून काळी दोनमध्येच उभी असते.