पी ओढून बघ

(दृश्य : नाशिक, सिडको. संध्याकाळ. पत्र्यावर पावसाचा आवाज. क्लासच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड.)

दहावीचा क्लास. भिंतीवर, जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक वर्तुळ : केंद्र ओ, त्रिज्या 3. केंद्रापासून 5 अंतरावर, वर्तुळाबाहेर, बिंदू पी. तिथून वर्तुळाला स्पर्शिका, म्हणजे त्याला एकाच बिंदूत टेकणारी रेषा, काढायची आहे.

एक मुलगी पुढे येते, माऊस धरते आणि पी मधून जाणारी रेषा अंदाजाने वर्तुळाला टेकवते. दिसायला झकास.

"आता पी ओढून बघ," सर म्हणतात.

पी जरासा सरकतो आणि रेषा थेट वर्तुळाच्या पोटात. वर्गात हशा.

वहीत हे खपून जातं. पेन्सिलीची रेघ जाड, आणि तपासणाराही घाईत. जिओजेब्रात खपत नाही. 2001 मध्ये मार्कस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना हाती घेतलेलं हे सॉफ्टवेअर, प्रत्येक बिंदू कशावरून आला ते लक्षात ठेवतं. मोकळा बिंदू निळा, रचनेतून निघालेला काळपट. काळपट बिंदू आपण ओढू शकत नाही. ज्यांच्यापासून तो निघाला, ते हलले की तो हलतो.

(दृश्य : पडद्यावर रचना सावकाश उलगडते.)

मुलगी पुन्हा बसते. स्पर्शिकेचं तयार बटण आहे, पण सरांनी आज ते वापरायला बंदी केली आहे. बरंच केलं. ओपी चा मध्यबिंदू एम. एम केंद्र धरून ओ मधून जाणारं दुसरं वर्तुळ. दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात ते बिंदू ए आणि बी. तेही 'छेदनबिंदू' साधनानेच घ्यायचे, नजरेने ठेवले की पुन्हा तीच गत. आता पीए आणि पीबी जोडा. ओपी हा व्यास, म्हणून अर्धवर्तुळातला कोन ओएपी काटकोन. आणि त्रिज्येला तिच्या टोकाशी लंब, म्हणजे स्पर्शिका. लांबी मोजली : बरोबर 4.

पी कुठेही ओढा, रेषा वर्तुळाला टेकलेल्याच. पी वर्तुळाच्या आत नेला की दोन्ही गायब. आतल्या बिंदूतून स्पर्शिका निघतच नाही, तेव्हा हे ठीकच.

मग ती पी नेमका परिघावर आणते. तरीही रेषा गायब.

"सर, इथे तर स्पर्शिका असते ना?"

"असते. मग अडलं कुठे?"

ती पडद्याकडे बघत राहते. ए, बी आणि पी एकाच जागी आले आहेत, आणि रेषेला दोन वेगळे बिंदू लागतात. स्पर्शिका आहे, आपल्या रीतीला ती सापडत नाही.

ती परिघावर नवा बिंदू घेते. हा फिकट निळा, वर्तुळ सोडून जाऊ न शकणारा. त्याची त्रिज्या काढते, 'लंब रेषा' निवडते. रेषा उमटते.

या वेळी सरांनी सांगायच्या आधीच ती बिंदू ओढायला घेते.