काचेवरचा कागद

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'पॉइंट शूज कधी?', म्हणजे बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट मुलीला कधी द्यायचे? मी त्याच विषयावर बोलणार आहे, हे आधीच कबूल करून ठेवते, म्हणजे मधे कुठे भरकटले तरी तुम्हाला धीर राहील. मला ४५ मिनिटं दिली आहेत, त्यातली सहा माझी ओळख करून देण्यात गेली. त्या ओळखीत मला 'बॅलेच्या अभ्यासक' म्हटलं गेलं. मी अभ्यासक वगैरे काही नाही. मी अकरा वर्षं मुलीच्या बॅलेच्या वर्गाबाहेर एका बाकावर बसले आहे. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही बसलेले आहात.

इथल्या निम्म्या पर्समध्ये आत्ता अंबाड्याच्या पिना निघतील, त्यामुळे प्लिए म्हणजे काय आणि टर्नआउट म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. आपल्याला हे शब्द इतके अंगवळणी पडतात की बाहेरच्यांना ते कसे ऐकू येतात याचं भानच राहत नाही. आपला बार म्हणजे वर्गातला भिंतीलगतचा आधाराचा दांडा. मुलगी सात वर्षांची असताना तिच्या आजीचा फोन आला. मी घाईत सांगितलं, "आई, ती आत्ता बारला उभी आहे, झालं की फोन करायला सांगते." पलीकडे बराच वेळ शांतता. मग अगदी हळू आवाजात, "आणि तू कुठे आहेस?" (हशा) तेच आजोबांचं. रलवे म्हणजे टाचा उचलून वर चढणं. ही रडतेय, "माझं रलवे नीट होत नाही." तर ते समजूत घालतायत, "रडू नकोस बाळा, पुढची मिळेल."

तर ते बाकाचं. आमच्या वर्गाला रस्त्याच्या बाजूने भिंत होती आणि व्हरांड्याच्या बाजूने मोठी काच. काचेसमोर लांबलचक बाक. पहिली तीन वर्षं मी तिथे बसून एकूण एक तास पाहिला. विणकाम नेत असे, पण एक टाका पडला असेल तर शपथ. मी बघत होते. डावा गुडघा सुटतोय, खांदे वर चढतायत, पलीकडची मुलगी हिच्यापेक्षा पाय वर नेतेय. घरी जाताना मग माझा वर्ग सुरू व्हायचा. मला त्या वेळी बॅलेतले पाच शब्द येत होते आणि सूचना मी रोज सात द्यायची.

चौथ्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी आम्ही गेलो तर काचेवर कागद. दुधी रंगाचा, चिकटवलेला, जमिनीपासून उंच माणसाच्या डोक्याच्याही वरपर्यंत. ना सूचना, ना चिठ्ठी. आतून पियानो ऐकू येतोय आणि आम्ही सतरा जण कागदाकडे तोंड करून बसलोय. मंडळी, मला राग आला. आजही येतो. अहो, मुलं आमची, फी आम्ही भरतो, आणि एका शब्दाने विचारायचं नाही? मी तीन पानी पत्राचा मसुदा केला, त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यात 'पारदर्शकता' हा शब्द चार वेळा होता, काचेबद्दलच्या पत्रात तो किती शोभून दिसला असेल बघा. उत्तर एका ओळीचं आलं: पालकांनी वर्ग पाहण्याचे दिवस वर्षातून दोन, तारखा फलकावर लावल्या आहेत. संपलं.

मग एका आठवड्यात त्या कागदाचा एक कोपरा कुणाच्या तरी नखाने निघाला. कुणाच्या, ते मी सांगणार नाही, ती व्यक्ती या सभागृहात आहे. (हशा) रुपयाएवढं भोक पडलं, आणि त्या भोकासमोर रांग लागली! चांगली शिकलीसवरलेली, वयाने मोठी माणसं, प्रत्येकी एक मिनिट, वाकून, एक डोळा मिटून. माझा नंबर चौथा होता.

मी डोळा लावला. माझी मुलगी मागच्या रांगेत होती. पावलांची एक साधी जुळणी चालली होती. तिची दिशा चुकली, सगळ्या उजवीकडे गेल्या आणि ही डावीकडे. ती शेजारच्या मुलीवर आदळली आणि हसली. खळखळून. मग मान हलवून पुन्हा जागेवर गेली आणि दुसऱ्यांदा बरोबर केलं. तीन वर्षांत मी तिला वर्गात हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. मी आठवू लागले की काच उघडी असताना चुकल्यावर ती काय करायची. ती काचेकडे बघायची. दर वेळी. मला वाटायचं, किती माया, आईला शोधते! मागची बाई म्हणाली, "अहो, झालं एक मिनिट." मी बाजूला झाले. पुढच्या सोमवारी भोक बुजवलेलं होतं.

एवढं सगळं असूनही ते न विचारता करायला नको होतं, हे माझं मत कायम आहे. कुणी दिलगिरीचा शब्द काढला नाही. असो. असो म्हणते, पण विसरलेले नाही.

माझं आवडतं एक चित्र आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. फ्रेंच चित्रकार एदगार देगाने बॅलेवर ढिगाने चित्रं काढली, त्यातलं साधारण १८८२ सालचं हे एक पेस्टल, नाव 'प्रतीक्षा'. एक बाक. बाकावर पांढऱ्या झग्यातली नर्तिका पुढे वाकून स्वतःचा घोटा धरून बसलीय. शेजारी काळ्या कपड्यातली एक बाई, हातात छत्री. ती आई असावी असा पुष्कळांचा कयास आहे. मला कयास करायची गरजच नाही, ती पाठ मी ओळखते. ती घोट्याकडे बघत नाहीये. "काय झालं, दुखतंय का, बघू" असं काही म्हणत नाहीये. नुसती शेजारी बसलीय. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात देगाचाच 'नृत्यवर्ग' आहे, म्हातारा शिक्षक काठी टेकून उभा असलेला. त्यातही पार मागे भिंतीपाशी आया दिसतात. पुढे पियानोवर बसून एक मुलगी चक्क पाठ खाजवतेय, पायाशी एक छोटं कुत्रं. वर्ग म्हणजे असाच असतो, बहुतेक वेळ कुणीतरी पाठ खाजवत असतं. आपण मात्र तिथे दर मिनिटाला 'हंसांचं सरोवर'सारखा भव्य बॅले बघायला जातो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मुलांना रोज दोन-तीन तास आरशासमोर उभं राहावं लागतं. दुसरा कुठला छंद सांगा, ज्यात नऊ वर्षांच्या पोराला स्वतःच्या पोटाकडे, मांड्यांकडे, मानेकडे इतका वेळ बघत राहावं लागतं. त्या भिंतीवर एक आरसा आहे. घरी गेल्यावर दुसरा कशाला?

याला इतिहासात उलटे दाखले आहेत, ते तुम्ही मला ऐकवणार, म्हणून मीच ऐकवते. बॅले नर्तिका मारी तालियोनी. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फिद' केलं आणि चवड्यांच्या टोकावर उभं राहणं ही कसरत न राहता कला झाली. ती नृत्यरचना कुणाची? वडिलांची, फिलिपो तालियोनींची. १८२२ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा रंगमंचावर आली, त्याआधी त्यांनीच तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली. मान्य. पण ते स्वतः नृत्यशिक्षक होते हो! आपण बाकावरचे. ब्रिटिश नर्तिका मार्गो फॉन्टेनच्या आईला कंपनीत सगळे 'काळी राणी' म्हणत, नृत्यरचनाकार निनेट द व्हालवाच्या १९३७ सालच्या बुद्धिबळावरच्या बॅलेतली ती राणी. प्रेमाने म्हणत की धाकाने, ते तुम्ही ठरवा.

मला जवळच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन आया. रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हाची आई कपडे धुऊन पोट भरायची. तिने लहानग्या आनाला 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले दाखवायला नेलं, आणि पोरीने तिथेच ठरवलं. बॅलेच्या शाळेने लगेच घेतलं नाही, १८९१ साली दहाव्या वर्षी घेतलं. आणि नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हची आई. १९४५ सालचा शेवटचा दिवस, उफा शहर, हातात बॅलेचं एकच तिकीट आणि बरोबर मुलांचं लटांबर. दाराशी गर्दी उसळली, त्या रेट्यात सगळेच आत गेले. वडिलांना पुढे त्याचं नाचणं मुळीच पसंत नव्हतं, तो भाग वेगळा. या दोघींनी काय केलं? दार उघडून दिलं. गुडघा सुटतोय असं कुणी सांगितल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बघा, आणि मी अजून बुटांपाशी पोचलेच नाही. बरं, भराभर सांगते.

पॉइंट शूज कधी? याचं उत्तर वय नाही. साधारण अकरा-बारा हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि तो चुकीचा नाही, पण तो खालचा उंबरठा आहे. अकरावा वाढदिवस आला म्हणून शूज, असं नसतं. काही वर्षांची सलग तालीम हवी, आठवड्यातून अनेक तास. पाय ताणल्यावर पावलाचा वरचा भाग नडगीच्या रेषेत यायला हवा. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, टाच पुन्हा पुन्हा वर-खाली करता यायला हवी, घोटा आत-बाहेर न लटपटता. आणि धड स्थिर हवं, हे बरेच जण विसरतात. पोट-पाठ सांभाळता येत नसेल तर सगळा भार बोटांवर येतो. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, खुब्यातून यायला हवं. गुडघे पिळून पावलं बाहेर वळवणाऱ्या मुलीला पॉइंटवर चढवणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. हे कोण ठरवणार? शिक्षक. शंका असेल तर नर्तकांवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट. 'तिच्या मैत्रिणीला मिळाले' हा निकष नव्हे.

दुसरं, उंचीची उसळी. मुलं झपाट्याने उंच होतात तेव्हा हाडं पुढे जातात आणि स्नायू मागे राहतात. काल जमत होतं ते आज जमत नाही, तोल जातो, अंग ताठर होतं. हे काही महिने चालतं. या काळात उड्या वाढवू नका, कमी करा. मुलग्यांमध्ये हे उशिरा येतं, आणि नेमकं त्याच सुमारास त्यांना जोडीदारणीला उचलायला लावतात, तेव्हा मुलग्यांच्या आईबाबांनीही ऐका.

तिसरं, शूज वाढत्या मापाचे घेऊ नका! आपली जुनी खोड. ताईचे धाकटीला देऊ नका. बोटांभोवतीची पुढची पेटी कापड, कागद आणि गोंदाच्या थरांची असते, ती घामाने मऊ पडते आणि ज्या पायात पडते त्याचाच आकार घेते. माप प्रत्यक्ष घेऊन, उभं राहून, वर चढून बघा. वापरल्यावर दप्तरात कोंबून न ठेवता वाऱ्यावर वाळवा.

चौथं, आणि याला खरं तर अर्धा तास हवा होता, तो मी काचेत घालवला. वजन. घरात वजनावर एक अक्षर बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. जितकं नाचतात तितकं खाल्लं गेलं नाही तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव दिलं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा सुरू होऊन तीन महिने थांबली असेल, तर डॉक्टर. 'नर्तिकांचं असंच असतं' हे ऐकून परत यायचं नाही. फोड दुखतो, ते चालायचंच. रात्री झोपेत दुखणारं हाड चालायचं नाही.

घंटा वाजली, अध्यक्षबाई माझ्याकडे बघतायत. एकच. शूजच्या रिबिनी पहिल्या दिवसापासून तिलाच शिवू द्या, वाकड्या झाल्या तरी. साधा दोरा तुटतो, दात साफ करायच्या फ्लॉसने शिवायला सांगा. रिबिनीची टोकं ज्योतीवर जरा धरली की धागे सुटत नाहीत, ते मात्र तुम्ही करा. आणि शूजच्या काठातून जी नाडी जाते तिच्यातून सुई घालायची नाही, नाहीतर ती ओढता येत नाही. आमच्या पहिल्या जोडीच्या रिबिनी मीच शिवून ठेवल्या होत्या, नाडीसकट.