मालकी गाणारीची

(दृश्य: टोरांटो, सेंट लॉरेन्स मार्केट, शनिवारची सकाळ)

शनिवारी या बाजारात शेतकरी उजाडायच्या आत येतात. भाजी, अंडी, मध, चीज. १९८०च्या दशकात इथल्या गर्दीत एक तरुणी हार्प घेऊन बसायची आणि आयर्लंड-स्कॉटलंडची जुनी गाणी गायची. लोक थांबायचे, ऐकायचे, आणि जाताना तिच्याकडून कॅसेट विकत घ्यायचे. लोरीना मॅकेनिट.

(दृश्य: कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत, क्षितिजापर्यंत सपाट शेतं)

जन्म १९५७चा, मॉर्डन गावातला. वडील गुरांचे व्यापारी, आई परिचारिका. लोरीनाला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. शिकायला विनिपेगला गेली आणि तिथे लोकसंगीताच्या मंडळींमध्ये केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडची, गाणी कानावर पडली. डॉक्टरकी मागे राहिली.

(दृश्य: स्ट्रॅटफर्ड, एव्हन नदी, राजहंस, नाट्यगृह)

१९८१ मध्ये ती ऑन्टारियोतल्या स्ट्रॅटफर्डला आली. शेक्सपिअरच्या नाटकांसाठी हे गाव प्रसिद्ध. इथल्या नाट्यमहोत्सवात तिनं काम केलं, संगीतही दिलं.

(दृश्य: जुनं लाकडी कोठार, सूर्यफुलांचं शेत)

आणि हे कोठार नीट पाहा. १९८५च्या उन्हाळ्यात अशाच एका कोठारात, आठवडाभरात, तिनं पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. स्वतःचं रेकॉर्डिंग करून स्वतः कसं विकावं, हे सांगणारं एक मार्गदर्शक पुस्तक तिनं वाचलं होतं. त्याच वर्षी तिनं स्वतःची कंपनी काढली, क्विनलन रोड.

(दृश्य: कॅसेट, पाकिटं, हातानं लिहिलेले पत्ते)

तेव्हाची रीत अशी होती, आणि बरीचशी आजही आहे: रेकॉर्डिंगचा पैसा संगीत कंपनीचा, म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाची मालकीही कंपनीची. गाणाऱ्याला विक्रीतला थोडा हिस्सा, तोही खर्च वळता करून. लोरीनानं हे नाकारलं. बाजारात कॅसेट विकल्या. छोट्या दुकानांत ठेवल्या. टपालानं पाठवल्या. कार्यक्रमाला आलेल्यांची नावं-पत्ते लिहून घेतले, आणि पुढचा कार्यक्रम असला की त्या यादीतल्या माणसांना पत्रं गेली. सभागृह ठरवायचं, हिशेब ठेवायचा, पाकिटं चिकटवायची, सगळं तिच्याकडेच. ही कामं कुणी पडद्यावर दाखवत नाही. पण तिचं स्वातंत्र्य उभं राहिलं ते याच कामांवर.

म्हणूनच १९९१च्या अल्बमच्या वेळी वॉर्नरसारखी बलाढ्य संगीत कंपनी आली, तेव्हा हातात यादी होती, श्रोते होते, विक्रीचे आकडे होते. वॉर्नरला वितरणाचे हक्क मिळाले. गाणी क्विनलन रोडचीच राहिली. स्वतंत्र कलावंताला असा करार मिळवता येतो, हे तिनं करून दाखवलं.

(दृश्य: ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, मिक्सरवरचे हात)

१९९७च्या अल्बममधलं एक गाणं अमेरिकेत गाजलं. तिच्या अल्बमची जगभरातली एकूण विक्री पुढे १ कोटी ४० लाख प्रतींवर गेली.

(दृश्य: जॉर्जियन बे, निवेदन थांबते, फक्त पाण्याचा आवाज)

जुलै १९९८. नौका-अपघातात तिचे होणारे पती, त्यांचा भाऊ आणि एक मित्र गेले. तिनं जलसुरक्षेसाठी निधी उभारला. नवा स्टुडिओ अल्बम यायला २००६ साल उजाडलं.

(दृश्य: स्पेनमधलं ग्रॅनाडा, अल्हाम्ब्रा हा जुना किल्ला, तिथल्या पाचव्या चार्ल्स राजाच्या राजवाड्याचं गोल अंगण)

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, या अंगणात ती तिच्या वादकांसह गायली. या मैफिलीचं चित्रण आणि ध्वनिमुद्रण क्विनलन रोडनंच प्रकाशित केलं.