भूकंपानंतरची मुले: किल्लारी आणि काठमांडू

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाचे पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले, आणि मुलांना आपल्याच भागात, आपलीच बोली बोलणाऱ्या माणसांत वाढता आले.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरला. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे परदेशात जाऊन अनाथ आणि दिव्यांग मुलांची सेवा करावी, असे मनात असलेल्या मराठवाड्यातील तरुणांना तो देश जवळचा वाटला तर नवल नाही. मात्र निघण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असायला हवी. नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून, शिक्षणाचे आमिष दाखवून आणलेल्या अनेक मुलांना खोट्या कागदपत्रांनी अनाथ ठरवण्यात आले, कारण अनाथ मुलांच्या नावाने परदेशी पाहुणे येतात आणि पाहुण्यांबरोबर देणग्याही येतात.

मराठवाड्याला हे समजणे अवघड नाही. दिवाळीच्या सुमारास बीड आणि धाराशिवकडील ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा अनेकांची लेकरे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या लेकरांना कोणी अनाथ म्हणून पाहुण्यांसमोर उभे केले, तर फडात राबणाऱ्या त्यांच्या आईला काय वाटेल?

बालगृहात पाऊल टाकताच अनोळखी मूल धावत येऊन गळ्यात पडते आणि आपले मन भरून येते. पण त्या मिठीचा अर्थ वेगळाही असू शकतो. रुमानियात १९८९ नंतर सरकारी बालगृहांतील मुलांच्या हालअपेष्टा उघड झाल्या; पुढे बुखारेस्टमधील १३६ मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि लहान वयात कुटुंबात गेलेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली सावरल्याचे त्यात दिसले. कोणाच्याही गळ्यात पडणे हे बऱ्याचदा त्या मुलाला कायमचे असे कोणी माणूस न लाभल्याचे लक्षण असते. दोन आठवडे जीव लावून निघून जाणारा स्वयंसेवक, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, त्या तुटलेपणात भरच घालतो.

म्हणून परदेशी जाणाऱ्याने आपले कौशल्य मुलांपेक्षा त्यांना रोज सांभाळणाऱ्या बायकांच्या हाती द्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शिकलेल्या एखाद्या फिजिओथेरपिस्ट तरुणीचेच पाहा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला आडवे ठेवून, मान मागे टाकून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला टेकू देऊन ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली ठेवायची, खिमट भात चमच्याच्या टोकावर घेऊन समोरून द्यायचा आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. हे तिने स्वतः महिनाभर केले तर महिनाभरच होईल. सांभाळणाऱ्या दिदींकडून करवून घेतले आणि गावच्या सुताराकडून मुलाच्या मापाची प्लायवूडची खुर्ची बनवून घेतली, तर ती परतल्यावरही मुलाचे जेवण नीट होत राहील.

ज्यांच्या हाती असे कौशल्य नाही, त्यांना आपल्याच तालुक्यात काम आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत, आई-वडील गमावलेले मूल नातेवाइकांच्या घरी वाढावे म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते जमवून बाल कल्याण समितीपुढे जाणे सत्तरीच्या आजीला एकटीने जमत नाही. तिच्याबरोबर तहसीलला आणि समितीपुढे जाणारा, मंजुरी मिळेपर्यंत पाठपुरावा करणारा माणूस हवा असतो.