उष्ट्या खिचडीचे खत

मधल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वीच जिल्हा परिषदेच्या शाळेतील पातेल्यात खिचडी तयार असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या आणि २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. शिजल्यावर तांदळाचे वजन अडीच ते तीन पट होते. सहा वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच प्रमाण लागू असले, तरी दोघांची भूक मात्र एक नसते. त्यामुळे सर्वांच्या ताटात सारखाच डाव रिकामा केला, की धाकट्यांच्या ताटात अन्न उरते. आधी थोडे वाढून पुन्हा फिरून विचारणे, हा यावरचा साधा उपाय भिंतीवरच्या सुविचारापेक्षा अधिक उपयोगी पडतो. अर्थात, नासाडी टाळण्याच्या नावाखाली एखादे मूल अर्धपोटी उठणार नाही, याकडे वाढणाऱ्याचे लक्ष हवेच.

पातेल्यात उरलेले अन्न त्याच दिवशी कोणाच्या तरी पोटात जाऊ शकते. उष्ट्याचे तसे नाही. ते खतासाठी ठेवावे लागते आणि खरी कसोटी तिथेच लागते. भाजीची देठे आणि साली सहज कुजतात. शिजलेला भात मात्र ओला आणि चिकट असल्यामुळे त्याचे गोळे होतात, आत हवा पोहोचत नाही आणि खड्ड्याला आंबूस दुर्गंधी येऊ लागते. म्हणून उष्टे निथळून घ्यावे, पातळ पसरावे आणि त्यावर त्याच्या दुप्पट सुका पालापाचोळा घालावा. सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे सुमारे तीस भाग कर्ब लागतो आणि तो या पाल्यातून मिळतो. विरजण म्हणून जुन्या खताची ओंजळ किंवा आंबट ताक पुरते. ढीग पुरेसा मोठा असेल, तर आतले तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर जाते. हात जवळ नेताच मुलांना ती ऊब जाणवते. मूठभर मिश्रण दाबल्यावर त्याचा लाडू वळला, पण बोटांमधून पाणी गळले नाही, तर ओल योग्य आहे असे समजावे. आठवड्यातून एकदा खालीवर केल्यास दोन ते तीन महिन्यांत परसबागेतील मेथी-वांग्यांसाठी खत तयार होते.

अडचण येते ती पावसाळ्यात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा उष्टे रोजचे असते, पण सुका पाला कुठेच नसतो. पानगळ तर फेब्रुवारी-मार्चमध्येच होऊन गेलेली असते आणि त्या वेळी आवार झाडून जमलेला पाला बहुतेक ठिकाणी पेटवून दिला जातो. तो पोत्यांत भरून पत्र्याच्या आडोशाला ठेवला, तर पावसाळाभर खड्ड्यावर घालायला मिळतो.