उंबरठ्यावरचे माप

नमस्कार श्रोतेहो.

घरात मोठे आजारपण आले की सर्वांचे आवाज आपोआप खाली येतात. मुलांना दटावले जाते, आणि कोणी खळखळून हसलेच तर ‘आत माणूस आजारी आहे’ असे डोळ्यांनीच बजावले जाते. चार दिवसांच्या तापात हे ठीक आहे. पण पार्किन्सन्ससारखा आजार वर्षानुवर्षे सोबत राहतो, आणि तेवढा काळ कुजबुजत काढणे हा आजारी माणसावर आणि त्याची उस्तवार करणाऱ्यावरही अन्याय आहे, असे यजमानांच्या आजारपणानंतर माझे ठाम मत झाले आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात. हाताचा कंप सर्वांना दिसतो. चेहऱ्याचे स्नायूही मंद होतात, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मनात हसू फुटलेले असते आणि चेहरा कोराच राहतो. आवाज बारीक होतो, शब्द उशिरा उमटतात. भेटायला आलेली मंडळी समजतात की यांना आता कशातच रस उरला नाही, आणि समोर बसलेल्या माणसाची चौकशी माझ्याकडे करू लागतात. या आजारात काहींना नैराश्यही येते आणि त्यावर उपचार घ्यायलाच हवेत. परंतु कोऱ्या चेहऱ्यावरून तसा निष्कर्ष कोणी काढू नये.

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारात यांचे पाऊल अडते. अरुंद जागी, दारात किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे हे या आजाराचे एक लक्षणच आहे. अशा वेळी ओढाओढ केली तर तोल जातो. पण जमिनीवर एखादी ठळक रेघ असली तर ती ओलांडण्यासाठी पाय अनेकदा उचलला जातो. फिजिओथेरपिस्टबाईंच्या सांगण्यावरून मी दारात पिवळी चिकटपट्टी लावली. यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “लग्नात माप तू ओलांडलेस. आता माझी पाळी.” आणि पाऊल टाकले. चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. मी मात्र हातातले पातेले खाली ठेवून पोट दुखेपर्यंत हसले. तेव्हापासून ती पट्टी आमच्या घरात ‘माप’ या नावानेच ओळखली जाते, आणि नातवंडे आजोबांना आत घेताना उखाण्याचा आग्रह धरतात.

त्या दिवशी मी घाईने मध्येच बोलले असते, तर तो विनोद त्यांच्या ओठांपर्यंत आलाच नसता. म्हणून, श्रोतेहो, अशा घरी भेटायला जाल तेव्हा आधी फोन करून गोळीचा असर कोणत्या वेळी चांगला असतो ते विचारून घ्या, टीव्ही बंद करायला सांगा आणि आजारी माणसाच्या समोर बसा. गावातल्या, नात्यातल्या, जुन्या ऑफिसातल्या गमतीजमती थेट त्यांनाच सांगा. मग त्यांच्या उत्तराची वाट पाहा; वाक्य अर्ध्यावर थांबले तरी ते आपण पुरे करू नका.